रिकाम्या यंत्रापुढे

नवा सर्व्हर पहिल्यांदा चालू केला की पंखे कानठळ्या बसतील असे फिरतात, मग निवतात. पडद्यावर बनवणाऱ्याचं नाव येतं, रॅम मोजली जाते, डिस्क दिसतात. शेवटी एक ओळ येते: बूट करण्यासारखं काही सापडलं नाही.

लाखांच्या यंत्राला पुढचं पाऊल दाखवणारी वस्तू तीन-चारशे रुपयांची असते: बूट होणारा पेनड्राइव्ह. ती कुणीतरी आधी करून ठेवलेली असावी लागते. मला बोलायचं आहे ते या 'आधी'विषयी.

रोह्याहून कोलाडच्या रस्त्याला लागलं की धाटाव येतं. एमआयडीसीची वसाहत, बहुतेक कारखाने रसायनांचे. इथल्या मध्यम कारखान्यातली सर्व्हर रूम म्हणजे अकाउंट्सच्या मागची खोली: एक रॅक, एक यूपीएस आणि पावसाळ्यातही बंद करायचा नाही असा एसी. कोकणचा दमटपणा आणि रसायनांची हवा यांमुळे इथे धातू लवकर काळवंडतो. यूएसबी पोर्टच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके दिसले की मी दुसरं पोर्ट शोधतो.

त्या खोलीत पूर्वी पाच पीसी असायचे. हिशेबाचा एक, गेटवरच्या वजनकाट्याचा एक, हजेरीचा, लॅबच्या रिपोर्टांचा, ई-वे बिलाचा. आता एका लोखंडात ही पाचही यंत्रं राहतात. खाली लोखंड वाटून देणारं हायपरवायझर, वर त्याने उभी केलेली व्हर्च्युअल मशिनं. कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती विकायला काढली होती. धाटावपर्यंत यायला तिला वेळ लागला, पण आली ती राहायलाच.

पाच एका छताखाली आले की पाचांचं दुखणंही एक होतं. पूर्वी पीसी बंद पडला तर एक टेबल थांबायचं. आता सर्व्हर बंद पडला की गेटवर टँकर थांबतो, ड्रायव्हर खाली उतरतो आणि फोन सुरू होतात.

त्या वेळी हातात काय आहे, यावर सगळं ठरतं.

*

नवशिका मुलगा हायपरवायझरची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरची इमेज, डाउनलोड करतो, पेनड्राइव्हवर पेस्ट करतो, सर्व्हरला लावतो. सर्व्हर ढिम्म. मुलगा म्हणतो, "सर, फाइल तर आहे आत." आहे ना. पण पेनड्राइव्हच्या पोटात ती एक गाठोडं होऊन पडली आहे. ती जशीच्या तशी, बाइटमागून बाइट, पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरपासून लिहावी लागते. कॉपी करणं आणि इमेज लिहिणं यांत हे अंतर आहे, आणि निम्मे लोक या अंतरातच अडखळतात.

जुन्या धाटणीचं बायोस पहिल्या सेक्टरचे 512 बाइट वाचतं. शेवटच्या दोन बाइटांत 55 आणि एए ही खूण आहे का पाहतं. नसेल तर पुढच्या डिस्ककडे वळतं. नवं यूईएफआय फॅट पार्टिशनमधल्या ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल मागतं. दोघंही उशाशी ठेवलेलंच बघतात. घरभर शोधायला यायचं त्यांचं काम नव्हे.

माहिती जवळ असणं आणि ती वेळेला सापडेल अशा जागी असणं, यांतलं अंतर मोठ्या माणसांच्या कारभारातही असंच असतं. कारखान्यात आग लागली तर काय करायचं याची फाइल असते. ती मॅनेजरच्या कपाटात असते. कपाटाला कुलूप असतं.

*

मला या सगळ्यात सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे एक रिकामी जागा.

सीडीसाठी आयएसओ 9660 हे मानक 1988 मध्ये आलं. त्यात पहिले सोळा सेक्टर, म्हणजे 32 केबी, मानकाने स्वतःकरता घेतलेच नाहीत. ज्या यंत्राला लागतील त्याने वापरावेत म्हणून सोडून दिले. तेव्हा यूएसबीच नव्हतं. त्याचं पहिलं मानक 1996 चं, आणि पेनड्राइव्ह बाजारात आले ते 2000 मध्ये. सीडीची इमेज पेनड्राइव्हवरून उठवायची वेळ आली तेव्हा लोकांना ती मोकळी 32 केबी आठवली. डिस्कचा बूट सेक्टर त्यांनी तिथे बसवला. सीडीला त्याचा पत्ता नाही, पेनड्राइव्हला सीडीचा पत्ता नाही, इमेज एकच. हायब्रिड आयएसओ म्हणतात ती हीच. प्रॉक्समॉक्स या हायपरवायझरची इमेज आज अशीच मिळते.

ज्यांनी ती जागा सोडली त्यांना पेनड्राइव्ह दिसत नव्हता. पुढच्या माणसाची गरज ओळखता आली नाही तरी त्याच्यासाठी जागा ठेवता येते.

आखणी करणारा काय भरतो यावरून तो हुशार ठरतो. तो शहाणा आहे की नाही, हे त्याने काय मोकळं सोडलं यावरून कळतं. प्लॉटवर रिकामी पट्टी दिसली की आपल्याकडे तिथे शेड टाकायची घाई असते. अग्निशमनाचा बंब वळायला तीच पट्टी लागते.

*

विंडोजवर रूफस या साधनाने प्रॉक्समॉक्सची इमेज लिहायला घेतली की तो विचारतो: आयएसओ मोड की डीडी मोड? इथे डीडी घ्यायचा, म्हणजे इमेज जशीच्या तशी उतरते. सोपा दिसणारा पर्याय फाइल्स मोकळ्या करून ठेवतो, आणि त्यात वर सांगितलेली मांडणीच जाते.

लिहून झाल्यावर विंडोज तोच पेनड्राइव्ह पाहून म्हणतं की हा वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? पेनड्राइव्ह या क्षणी अगदी नीट झालेला असतो. विंडोजला त्याची मांडणी कळत नाही, एवढंच. घाबरलेला हात 'हो' दाबतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

जे आपल्याला वाचता येत नाही ते बिघडलेलं आहे असं मानणारा माणूस फार गोष्टी फॉरमॅट करत जातो.

*

इमेज उतरवून घेतली की तिचा चेकसम काढावा. शा-256 म्हणजे चौसष्ट अक्षरं. फाइलमधला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. बहुतेक जण शेवटची चार अक्षरं जुळवतात आणि मान डोलावतात. विश्वास ठेवायचा तर पूर्ण ओळ मोजून ठेवावा. अर्ध्या मोजणीवरचा विश्वास ही नुसती इच्छा असते.

पेनड्राइव्हवरही तसाच भरवसा नको. वर 64 जीबी छापलेलं आणि आत 8 जीबीची चिप, असा माल बाजारात सर्रास मिळतो. लिहिताना तो काही तक्रार करत नाही. सगळं घेतो, सगळ्याला हो म्हणतो. परत मागितलं की आत काही नसतं. म्हणून लिहून झाल्यावर परत वाचून ताडून पाहणारं साधन मला बरं वाटतं; एचर हे काम आपणहून करतो. लिहिलेलं परत वाचून जुळलं, तेव्हाच ते लिहिलं गेलं.

आणि एक. पडद्यावरची पट्टी शंभर टक्के झाली म्हणून पेनड्राइव्ह ओढून काढू नये. शेवटचा मजकूर अजून रॅममध्ये ताटकळत असू शकतो. 'झालं' असं दिसणं आणि होणं यांमध्ये काही सेकंद असतात. चांगल्या कारागिराचा सगळा धीर त्या सेकंदांत दिसतो.

*

लिनक्सवर डीडी नावाची आज्ञा आहे. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं एवढं सांगायचं. ती 'नक्की का?' असं विचारत नाही. डिस्कची नावं एका अक्षराने वेगळी असतात: एसडीए, एसडीबी, एसडीसी. बी च्या जागी ए पडलं तर पेनड्राइव्ह तसाच राहतो आणि तुमच्या स्वतःच्या डिस्कचा आरंभ पुसला जातो.

न विचारणारं हत्यार वाईट नसतं. त्याने विचार करायचं काम तुमच्याकडे ठेवलेलं असतं. आज्ञा टाइप करून झाली की हात की-बोर्डवरून उचलावा, डिस्कची यादी पुन्हा काढावी, जागेचा आकडा वाचावा, मग एंटर. रसायनांच्या कारखान्यात व्हॉल्व्ह फिरवण्याआधी टॅग मोठ्याने वाचायची पद्धत असते. ती मला संगणकाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडली.

*

एक काळ असा होता की व्हीएमवेअरचं हायपरवायझर, ईएसएक्सआय, पेनड्राइव्हवरूनच आयुष्यभर चालायचं. सर्व्हरच्या आतच एक यूएसबी पोर्ट किंवा एसडी कार्डाची खाच असायची. त्यावरून हायपरवायझर उठायचं, स्वतःला रॅममध्ये भरून घ्यायचं आणि मग त्या चिपकडे फारसं वळून बघायचं नाही. डिस्क सगळ्या व्हर्च्युअल मशिनांना मोकळ्या. स्वस्त, सुटसुटीत.

पुढे सातव्या आवृत्तीपासून मांडणी बदलली. हायपरवायझर बूटच्या डिस्कवर सतत लिहू लागलं. पेनड्राइव्हची फ्लॅश चिप इतकं लिहिणं सोसण्यासाठी बनलेलीच नसते. ती झिजू लागली, कार्डं मरू लागली, आणि व्हीएमवेअरने नुसत्या यूएसबीवर किंवा एसडी कार्डावर राहणं सोडा असं सांगितलं. इन्स्टॉल करायला पेनड्राइव्ह चालेल. राहायला टिकाऊ डिस्क हवी.

सुरुवात करून देण्याचं बळ वेगळं, रोजचा भार सोसण्याचं वेगळं. एकाच वस्तूकडून दोन्ही मागितलं की ती आधी उपकारी वाटते, मग अवेळी दगा देते. दोष तिचा नसतो. संस्था काढणाऱ्या माणसांचंही मी हे पाहिलं आहे: उभी करून देईपर्यंत त्यांच्यासारखं कुणी नाही, आणि त्याच खुर्चीत वीस वर्षं बसले की संस्थाही झिजते आणि तेही.

इन्स्टॉल झालं की पेनड्राइव्ह काढून घ्यावा. विसरला तर पुढच्या रीबूटला सर्व्हर पुन्हा त्याच्यावरूनच उठतो आणि चालतं घर सोडून 'नवीन घर बांधू का?' असं विचारत उभा राहतो.

*

22 नोव्हेंबर 2023 रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं, वर्गणी आली. फेब्रुवारी 2024 मध्ये फुकट मिळणारं ईएसएक्सआयही थांबलं. एप्रिल 2025 मध्ये ते परत आलं. या सव्वा वर्षात छोट्या कारखान्यांनी दुसऱ्या वाटा धरल्या. बऱ्याच जणांनी प्रॉक्समॉक्स घेतलं: व्हिएन्नातल्या कंपनीचं, डेबियनवर उभं, आतून केव्हीएम, 2008 पासून चालत आलेलं आणि मुक्त परवान्याचं.

दूरच्या बैठकीतला ठराव धाटावच्या रॅकपर्यंत पोहोचायला एक महिना पुरतो, हे त्या वर्षी कळलं. उतरवता येत असताना ज्यांनी आपल्या आवृत्तीची इमेज, चेकसमची ओळ आणि परवान्याचा कागद एकत्र जपला होता, त्यांना निर्णय सावकाश घेता आला. बाकीच्यांचे निर्णय घाईने घेतले.

इंटरनेटवर आहे म्हणजे आपल्याकडे आहे, हा समज सुकाळातला आहे. दही संपवण्याआधी चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवतात. वाटी रिकामी झाल्यावर ते सुचून उपयोग नसतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला भिडलं. खांब आडवे झाले, कित्येक गावांची वीज अनेक दिवस गेली, मोबाइलचे टॉवर मुके झाले. प्रॉक्समॉक्सची इमेज दीड जीबीच्या आसपास असते. चांगल्या दिवशी तो काही मिनिटांचा डाउनलोड. वादळानंतरच्या दिवशी तेवढाच मजकूर पृथ्वीच्या पलीकडे असल्यासारखा.

*

कुंडलिका धाटावला लागून रोह्याकडे जाते. तिचं उन्हाळ्यातलं पाणी भिऱ्याचं. मुळशीच्या धरणातलं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या केंद्रात टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. टाटांचं हे केंद्र 1927 पासून चालू आहे. त्या पाण्याखाली मावळातली शेतं गेली. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याविरुद्धच होता, आणि नदीकाठून जाताना ते विसरू नये.

या नदीचा उल्लेख करण्याचं कारण वेगळं आहे. विजेचं संपूर्ण जाळं कोसळलं तर औष्णिक केंद्र स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. कोळसा दळायला, पाणी चढवायला, पंखे फिरवायला त्यालाच आधी वीज लागते. वीज तयार करायला वीज हवी. अशा वेळी जलविद्युत केंद्र कामी येतं. त्याला दार उघडायला आणि चुंबक जागवायला बॅटरी किंवा छोटं डिझेल जनरेटर पुरतं. बाकीचं काम उंचावरचं पाणी करतं. तिथून निघालेली पहिली वीज मोठ्या केंद्राकडे जाते, तिच्यावर त्याचे पंप सुरू होतात, आणि मग ते उठतं. यालाच ब्लॅक स्टार्ट म्हणतात. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा वीज परत आणताना टाटांची जलविद्युत केंद्रंही कामाला लागली होती.

सगळ्यांत मोठं ते सगळ्यांत आधी उठत नाही. ज्याला उठायला कमीत कमी लागतं ते आधी उठतं आणि बाकीच्यांना हात देतं. सर्व्हरला बत्तीस कोअर आहेत, पण पहिल्या मिनिटाला तो अंगठ्याएवढ्या चिपवर अवलंबून असतो. यात सर्व्हरला कमीपणा नाही. कुठलीही मोठी व्यवस्था आतून बघितली की तिच्या तळाशी असं काहीतरी साधं, दुसऱ्यावर न रेललेलं सापडतं. ते सापडलं नाही तर ती व्यवस्था एकदाच कोसळते.

*

कारखान्याच्या गेटवर पेनड्राइव्ह जमा करून घेतात. वही असते, सही असते. मला हा नियम पटतो. 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झ केंद्रात पोहोचला तो पेनड्राइव्हच्या वाटेने असं मानतात. तिथली यंत्रं इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. ज्या दारातून वैद्य येतो त्याच दारातून साथही येते. रिअॅक्टरचं तापमान सांभाळणारी यंत्रणा भिंतीपलीकडे असते, तिच्याजवळ माझा पेनड्राइव्ह फिरकू नये हेच बरं.

म्हणून बूटचा पेनड्राइव्ह बूटपुरताच. त्यावर लग्नाचे फोटो नकोत, कुणाचं कोटेशन नको, प्रिंटरचा ड्रायव्हरही नको. व्हेंटॉयने एकाच पेनड्राइव्हवर दहा इमेज ठेवता येतात आणि माझ्या पिशवीत तसा एक असतो. पण कारखान्यात ठेवायचा तो एकाच कामाचा. अडचणीच्या वेळी माणसापुढे दहा पर्याय मांडणं म्हणजे त्याला एकटं सोडणं.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख. विमानतळ, बँका, इस्पितळं. एरवी दूरवरून सगळं हाकणारे लोक त्या दिवशी एका-एका यंत्राजवळ चालत गेले, आणि मायक्रोसॉफ्टने बूट होणारा यूएसबी करायचं साधन घाईने पुढे केलं. दुरून सगळं करता येतं, पण दूरचं यंत्र जागं असेपर्यंतच. ते झोपलं की कुणाला तरी उठून जावं लागतं. दुरून पडदा दाखवणारं कार्ड मोठ्या सर्व्हरांत असतं आणि त्याने इमेज लांबूनही जोडता येते. छोट्या कारखान्यात त्याच्या वरच्या परवान्याचे पैसे खरेदीच्या वेळीच वाचवलेले असतात.

*

पेनड्राइव्ह यंत्र उठवतो. त्याची आठवण परत आणत नाही. हिशेब, हजेरी, लॅबचे आकडे हे बॅकअपमध्ये असले तरच परततात. हे मी प्रत्येक मालकाला सांगतो. नव्याने उभं राहिलेलं, स्वच्छ, रिकामं हायपरवायझर ही फार एकाकी गोष्ट असते.

कारखान्यात ठेवायच्या पेनड्राइव्हला मी कागदाची चिठ्ठी लावतो, वर पारदर्शक टेप. आवृत्ती, लिहिल्याची तारीख, सर्व्हरचा आयपी, बूट मेन्यूसाठी एफ11, आणि 'इन्स्टॉल झाल्यावर काढा'. पासवर्ड लिहीत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये प्रॉक्समॉक्सची नववी आवृत्ती आली तरी जिथे आठवी चालू आहे तिथे आठवीचाच पेनड्राइव्ह ठेवतो. चालत्या घराला हवं ते त्याच घराचं सामान. दर पावसाळ्याआधी तो एका जुन्या पीसीवर उठवून बघतो. चिठ्ठीवरची तारीख बदलायची ती असा उठवून बघितल्यावरच.

आणि तो पेनड्राइव्ह तिथल्या कुणाच्या तरी हाताखालून जायला हवा, नाहीतर माझ्या नसण्याने तो नुसता प्लॅस्टिकचा तुकडा होतो. एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागातल्या मुलाला मी शेजारी बसवून सगळं करायला लावलं. मी फक्त बघत होतो. त्याने बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे हे स्वतः शोधलं, चालू केलं, एफ11 दाबलं.

मग पावसात एका रात्री त्याचा फोन आला. बूटची डिस्क गेली होती, कपाटातली नवी त्याने बसवली होती, पेनड्राइव्ह लावला होता, इन्स्टॉलरचा पडदा समोर होता.

"दादा, तीन डिस्क दाखवतोय. कुठली धरू?"

"जागेचा आकडा वाच आधी. मग मॉडेल. तिन्हींचं. मोठ्याने."

त्याने पहिली वाचली. 480 जीबी, नवी कोरी. दुसरी वाचली, दोन टीबी.

"ती व्हर्च्युअल मशिनांची," तोच म्हणाला. "तिला हात नाही लावायचा."

"तिसरी?"

"सोळा जीबी. हा तर पेनड्राइव्हच आहे."

"मग?"

त्याने पहिली निवडली आणि पुढच्या पानावर टाइमझोनसाठी भारत शोधू लागला.